घरात मुलगा, गल्लीत मुलगी

दादा दारात उभा होता. चपला काढल्या नव्हत्या त्याने. मी मेथी निवडत बसले होते. "विजया गेली," तो म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?" विजया म्हणजे माझी वहिनी. सकाळी शाळेत परिपाठाच्या वेळी चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दादा हे मला एखाद्या अनोळखी बाईबद्दल सांगावं तसं सांगत होता, आणि मीही तसंच ऐकत होते. त्याचं सांगून झाल्यावर मी उरलेली मेथी निवडली, धुतली, चाळणीत निथळत ठेवली आणि मग साडी बदलली. आता दीड महिना होत आला. लोक विचारतात, सावरलात का? सावरायला आधी कोसळावं लागतं. माझं अजून तेही झालेलं नाही...

वहिनी गारगोटीजवळच्या एका गावची, शेतकरी घरातली. आम्ही शहरातले, शाहूपुरीतले, नोकरदार. ती लग्न होऊन आली तेव्हा माझं कॉलेज चालू होतं. माहेरी असल्यासारखी मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची. आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका बोलतात तशी "मी जातो, मी येतो" म्हणायची, आणि आईला ते खटकायचं. शाळेत विज्ञान शिकवताना तिची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असे. घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की पुन्हा "जेवतो आता, लई भूक लागलीया." अमृता झाली, तीन वर्षांनी प्राजक्ता झाली. दुसऱ्या खेपेला तिचा रक्तदाब इतका चढला होता की बाळंतपणात तिला झटके आले. डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून काय सांगितलं ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. घरी आल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ यायची नाही, असं वहिनीने ठरवलं आणि तांबी बसवून घेतली.

तांबी असूनही तिला दिवस गेले. प्राजक्ता तेव्हा दुसरीत होती. मी अजून लग्न करून त्या घरातून गेले नव्हते, म्हणून मला सगळं जवळून दिसलं. आईला उलट्यांवरून कळलं आणि घरात एकदम दिवाळी आल्यासारखं झालं. आईने वहिनीच्या हातातला पाण्याचा हंडा काढून घेतला. दोन बाळंतपणांत जे लाड झाले नव्हते ते आता व्हायला लागले.  दोन-तीन दिवसांनी एका दुपारी गच्चीवर वाळवण काढताना वहिनी मला म्हणाली, "मला हे नको हाय."

"दादाला सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाला, आईला काय सांगायचं. आणि ऑफिसला गेला."

दादा पाटबंधारे खात्यात होता. वाईट माणूस नव्हे तो. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. वहिनीने त्याच्या उत्तराची वाट पाहिली, आणि मग मला घेऊन ती शहरातल्या एका दवाखान्यात गेली. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आधीची मुलं?" दोन मुली, असं ती म्हणाली आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सोनोग्राफी कुठं केलीत?"

"कुठंच नाही केली. दोन महिनेसुद्धा झाले नाहीत डॉक्टर. एवढ्यात काय कळतंय, तुम्हीच सांगा."

"मला कळतं हो. पण दोन मुलींची आई आली की आम्ही हात लावत नाही. आमच्यावर नजर असते. उद्या कुणी तक्रार केली तर मी कुणाकुणाला समजावू? आणि असं करा, मिस्टरांना घेऊन या. त्यांची सही लागेल."

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. भिंतीवर 'मुलगी वाचवा'चा फलक होता, त्यावर एक गोड मुलगी हसत होती. "फलक खरा हाय गं," वहिनी म्हणाली. "आमच्या भागात किती पोरी गिळल्या ते मी बघितलंय. पण मी त्यातली न्हाय, हे कुणाला सांगू?"

मग मिरजेला. तिथल्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या, केस पांढरे, आवाज कोरडा. तपासलं, तांबी सरकली होती ते पाहिलं. वहिनीने आपणहून सांगितलं की नवरा बरोबर आलेला नाही. बाई म्हणाल्या, "नवऱ्याची सही लागत नाही. तुमची लागते." इतकंच. वहिनी रडली नाही. सही केली आणि आत गेली. परत येताना एसटीत ती खिडकीपाशी झोपली होती, आणि तिचं डोकं वळणावळणाला काचेवर आपटत होतं. मी मध्ये हात धरला.

आईला तिने त्याच संध्याकाळी, दिवाबत्तीच्या वेळी, स्वतः सांगितलं. आईने समई लावली, नमस्कार केला आणि त्यानंतर तिच्याशी बोलणं बंद केलं. जे बोलायचं ते नातेवाइकांशी. "माझा नातू गेला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तो नातूच होता हे तिने ठरवून टाकलं होतं. आणि आमच्या गल्लीने उलटं ठरवलं. दोन पोरी असताना तिसरं पाडलं म्हणजे ती पोरगीच असणार, बाईंनी कुठंतरी जाऊन तपासलं असणार. शिक्षिका असून! घरात तो मुलगा होता, गल्लीत ती मुलगी होती. जे होतं ते काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. कळण्याइतकं ते वाढलंच नव्हतं. वहिनी या दोन्हींच्या मधून रोज शाळेला जायची.

अमृता सातवीत असताना एकदा शाळेतून आली आणि दप्तर न काढताच विचारलं, "आई, मी तिसरी असते तर?" मैत्रिणीच्या आईचं काहीतरी बोलणं तिच्या कानावर आलं होतं. मी स्वयंपाकघरात होते, माझ्या हातातलं लाटणं थांबलं. वहिनीने तिला समोर बसवलं, दप्तर काढून ठेवलं. "तू पहिली हायस. मला तू पायजे होतीस म्हणून तू हायस. प्राजू पायजे होती म्हणून प्राजू हाय. पोरगा-पोरगी मी कधीच बघितलं न्हाय. मला आणखी मूल नको होतं, एवढंच." अमृताने विचारलं, "बास?" वहिनी म्हणाली, "बास." पोरगी उठून हात-पाय धुवायला गेली. मोठ्या माणसांना जे इतक्या वर्षांत पटलं नाही ते तिला तिथल्या तिथे पटलं असावं, किंवा नसेलही. त्यानंतर तिने विचारलं नाही.

आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. वहिनीनेच भरवलं, पुसलं, कूस बदलली. दोघी बोलायच्या ते फक्त औषधाचं आणि जेवणाचं. आई गेली तेव्हाही तो विषय तसाच मध्ये पडून होता.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका सभागृहात गर्भपातावर चर्चा ठेवली होती. अमृता पुण्याहून सुट्टीला आली होती, आम्ही तिघी गेलो. एक पुढारी म्हणाले, ज्या घरात मुलगी आहे त्या घरातल्या प्रत्येक गरोदर बाईवर लक्ष ठेवलं पाहिजे, गर्भपाताची परवानगी समितीने दिली पाहिजे. दुसरे एक वक्ते म्हणाले, आजकालच्या बायकांना फिगर आणि करिअर हवं. त्यांना उत्तर देणाऱ्या बाई हुशार होत्या, पण त्यांचं बोलणं कायद्याच्या कलमांत अडकून पडलं. प्रश्नोत्तरांत वहिनीने हात वर केला. मला वाटलं प्रश्न विचारेल. तिने माईक घेतला आणि शाळेतल्या स्वच्छ भाषेत सुरुवात केली, "मी दोन मुलींची आई आहे आणि मी गर्भपात केलेला आहे." मागच्या खुर्च्या करकरल्या.

"कारण विचारता ना सगळे? मला बीपी होता, ते एक कारण. तांबी असताना राहिलं, ते कायद्यातलं कारण. पण खरं सांगतो..." इथे तिची भाषा घरची झाली. "आमच्या घरात ते पोराच्या नावानंच वाढाय लागलं होतं. पोरगा झाला असता तर माझ्या पोरी मागं पडल्या असत्या. पोरगी झाली असती तर ती जन्मभर चुकून आलेली म्हणून जगली असती. आणि ह्यातलं काय नसतं, तरी मला नको होतं. पोरगी नको म्हणून पाडणाऱ्याला धरा, मी तुमच्यासंगट येतो. पण मला समितीपुढं उभं करून हे सगळं परत बोलाय लावणार काय? मी आज बोललो, कारण माझं वय झालं. बाविशीतल्या पोरीनं काय करायचं?"

कुणीतरी एकदाच टाळी वाजवली आणि थांबवली. पुढारी म्हणाले, "ताईंच्या भावना आम्ही समजू शकतो," आणि चहासाठी मध्यंतर झालं. अमृता आईचा हात धरून बसली होती.  दादाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. तो घरी येऊन वहिनीला एवढंच म्हणाला, "चहा करू?" त्याने आयुष्यात पहिल्यांदा चहा केला, आणि फार गोड केला.

त्यानंतर बायका यायला लागल्या. कुणी आडबाजूच्या गावची, कुणी आमच्याच गल्लीतली. बरोबर दवाखान्यात जायला कुणी नसे, म्हणून वहिनी जायची. पन्हाळ्याकडच्या आमच्या एका लांबच्या नातेवाईक बाई मात्र सुनेच्या पोटात काय आहे ते गुपचूप कुठं कळेल म्हणून विचारायला आल्या होत्या. वहिनीने त्यांच्या हातातला चहाचा कप परत घेतला. "पोरगी म्हणून नको असंल तर माझ्या दारात यायचं न्हाय." बाई तशाच उठून गेल्या.

तेराव्याला पाहुण्यांत एक तरुण बाई कोपऱ्यात बसून होती. आमच्या काकूंनी विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" ती म्हणाली, "गारगोटीकडची. बाई वळखीच्या हुत्या." काकूंना वाटलं माहेरची असेल. ती जेवली, ताट उचललं, नमस्कार करून गेली. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

गेल्या रविवारी दादाकडे गेले होते. वहिनीचा मोबाईल त्याने बंद केलेला नाही. फ्रिजवर ठेवलेला असतो, आणि दादा तो रोज चार्जिंगला लावतो.  आम्ही पोहे खात होतो तेव्हा तो वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर. दादाने उचलला. बराच वेळ ऐकत राहिला. "ती आता नाही," तो म्हणाला... मला वाटलं, आता ठेवेल. त्याने ठेवला नाही. "तुम्ही कुठनं बोलताय? ... संगट कोण हाय काय तुमच्या?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. "थांबा," तो म्हणाला, "माझी बहीण हाय हितं. ती येईल तुमच्यासंगट." आणि त्याने फोन माझ्यासमोर धरला. मी हात पुसले आणि घेतला.