कोपरं बघणारा डॉक्टर

रामराम करायला हात पुढे केला, की तो हात न सोडता आधी माणसाचं कोपर वळवून बघायचा. मग डोळ्यांच्या कडा. बाजारात मी मेंढ्यांचे दात बघतो, तसा हा पुण्याचा डॉक्टर माणसं बघायचा. कातडीखाली पिवळट गाठी दिसल्या की विचारायचा, "थोडं रक्त द्याल का?" बोलायला गोड आणि शब्दाला पोकळ असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

हृदयविकार घराण्यातून कसा उतरतो, यावर त्याचं संशोधन चालायचं; त्या गाठी म्हणजे रक्तात चरबी साठल्याची खूण. नव्वद सालानंतर काही वर्षं तो बारामतीला येत होता. माझे वडील आणि दोन्ही चुलते पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेलेले. पिंपळी गावात दिलेल्या बहिणीच्या कोपरांवर तशाच गाठी होत्या. ती आपल्या मुलासाठी माझी लेक मागत होती. आमच्यात तशी रीतच आहे.

डॉक्टर म्हणाला, "मुलगा-मुलगी दोघांतही हा दोष असला, तर नातवंडांत तो दुप्पट उतरू शकतो."

"मंग सौदा करू," मी म्हणालो. "रगताला भावकी मी गोळा करतो. लेकीचं ठरायच्या आत तुमी मला सांगायचं."

"सांगतो."

भावकी उपाशीपोटी यायची होती. पण रक्त जाणार म्हणून बहिणीनं पहाटेच सगळ्यांना साखर घालून दूध पाजलं. "डाक्टर, दूध म्हंजी काय जेवण हाय व्हय?" तिनं विचारलं. तो पोट धरून हसला आणि पुढच्या आठवड्यात निमूट परत आला. तेव्हा मला तो आवडला होता.

वर्ष गेलं. "अण्णा, पोरगी देणार का न्हाय?" बहीण विचारायची. खरं कारण सांगावं, तर तिच्या पोराला नाव ठेवल्यासारखं झालं असतं. मी "थांब" म्हणायचो. शेवटी पुण्याला जाऊन डॉक्टरवर ओरडलो.

तो खाली बघत म्हणाला, "नळ्यांवर नावं नसतात, अण्णा, नुसते आकडे. कुणाचं काय निघालं, ते सांगायची परवानगी नाही. मी कबूल व्हायला नको होतं."

बहिणीला वाटलं, मी बाजारातल्यासारखा अडून बसलोय. तिनं मुलाचं दुसरीकडे जमवलं. आम्हांला पत्रिकाही दिली नाही.

भाच्याच्या हळदीच्या दिवशीच डॉक्टर आमच्या दारात उभा. "नियम मोडून, आकड्यावरून नाव शोधून आलोय. तुमच्या मुलीत तो दोष नाही."

"आज सांगताय व्हय?" मी म्हणालो. "तिकडं पिंपळीत त्याला हळद लागली."

लेक त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं. तांब्या उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली. तो तांब्याकडे बघत उभा राहिला. मी "घ्या" म्हणालो नाही. उन्हातून आला होता, तसाच उन्हातून गेला.