बाईंचा डूख

आमच्या बाई कुणालाही माफ करत नसत. उचगावच्या एका रिक्षावाल्यानं त्यांना भर पावसात अर्ध्या वाटेत उतरवलं होतं. त्यानंतर त्या त्याच्या रिक्षात कधी बसल्या नाहीत. उलट त्याच्या थांब्यावरून मुद्दाम चालत जात आणि त्याला हसून नमस्कार घालत. शेवटी त्यानंच थांबा बदलला. "पुराचा गाळ बसला की बसला," बाई म्हणत, "माझ्या मनाचंबी तसंच हाय."

त्या कोल्हापुरात आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच विभागात नोकरीला. बाई मूळच्या राधानगरीकडच्या, वर्गात पुस्तकी मराठी, आणि बाहेर गावाकडची बोली. नव्वदच्या दशकात त्यांनी शिरोळ भागात उन्हातान्हात विहिरींमध्ये उतरून मातीचे थर पाहिले आणि एक अंदाज बांधला: आज ऊस उभा आहे त्या पट्ट्यातून फार पूर्वी कृष्णा वाहत होती. नकाशा काढून त्यांनी विभागप्रमुखांना दाखवला. सर म्हणाले, "ठेवून जा, बघतो."

पुढच्या परिषदेत सरांनी तोच नकाशा पडद्यावर लावला. बाईंचं नाव कुठंच नव्हतं. टाळ्या झाल्या तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनीही वाजवल्या. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तक्रार करा."

"कुणाकडं? त्येंच्याकडंच?" बाई म्हणाल्या. "थांबतो की मी. नदी कुठं पळून जात न्हाय."

बरीच वर्षं थांबल्या. त्या संशोधनावर सरांचे सत्कार झाले, तेव्हा बाई प्रत्येक ठिकाणी हार घेऊन हजर.

नवं शतक लागल्यावर त्यांच्या ओळखीच्या संशोधकांनी जमिनीच्या पोटात पाहणारं रडार आणलं. चाकांवरची पेटी ओढत न्यायची. ती खाली लहरी सोडते आणि थरांवरून परतलेल्या लहरींचं चित्र पडद्यावर उमटतं. ऊस तुटून रानं कोरडी पडली की बाई स्वतः ती ओढत. एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय पावणं, पाणी लागतंय का?"

"न्हाय, चोर लागतोय," बाई म्हणाल्या.

नकाशातल्या पट्ट्यात मात्र लहर हातभर खाली जाऊन मरत होती. चिकणमाती तिला गिळते. खात्रीसाठी जेसीबीनं खणलं, तर मातीखाली थेट मुरूम. नदीचा एक गोटा नाही. मग बरंच पुढं, एका माळाच्या कडेला, पडद्यावर तिरपे थर उमटले, एकावर एक रेललेले. वळणावर नदी वाळू टाकत सरकते तसे. तिथं खणल्यावर वाळू आणि गुळगुळीत गोटे निघाले. जुनी नदी तिथं होती.

मी हळूच म्हणाले, "बाई, म्हणजे तुमचाही अंदाज चुकलाच."

त्या रानभर ऐकू जाईल अशा हसल्या. "माझा कसा? माझं नाव हाय व्हय त्यावर?"

सर निवृत्त व्हायच्या आधी चर्चासत्र होतं. बाई व्यासपीठावर गेल्या आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "सर, तो नकाशा संपूर्ण आपलाच ना?"

सर खुर्चीत रेलून म्हणाले, "संपूर्ण माझाच."

"आभारी आहे," बाई म्हणाल्या आणि रडारची चित्रं एकेक करून लावली. सरांचा चेहरा उतरत गेला. चूक दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्या विभागाला मिसळ खिलवली.

पुढे एकदा सर काठी टेकत बाईंच्या घरी आले. मी तिथंच होते. बाईंनी चहा ठेवला, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "चहा घ्या. पण माफी मागू नका, मिळायची न्हाय." सर चहा पिऊन गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाई गेल्या. शोकसभेला सर आले होते. बोलायला उठले, डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तो पहिला नकाशा खरं तर बाईंचा होता."

मी जागेवरूनच उठले. "न्हाय सर," म्हणाले, "तो तुमचाच."