प्लॉट घ्यायला निघालेले शहाणे

मांजरसुंब्याच्या आसपास कुठं प्लॉटिंग पडलं की खांब रोवायला मला बोलावतात. चुन्याची फक्की मारून रेघ आखायची, खड्डा घ्यायचा, खांब उभा करायचा, त्यावर नंबर टाकायचा. चौथी नापास माणसाला जमेल असं काम. पण दर खांबाजवळ एखादा शहाणा येऊन उभा राहतो आणि जाताना किस्सा ठेवून जातो. आता इतके साठलेत की डोक्यात जागा न्हाई. आठवलं की डोकं फिरतं ते वेगळंच!

आज सांगायला बसलो ते आमच्या जावयामुळं. गेवराईला मेडिकलवर कामाला आहेत. त्यांना पहिला प्लॉट घ्यायचा होता. कशाच्या जिवावर? तर माझ्या सुमनच्या दोन पाटल्यांच्या. शिलाई मशीन चालवून पोरीनं स्वतः केलेल्या पाटल्या! आणि प्लॉट कुणाचा? मी ज्याच्याकडं रोजानं जातो त्याच शेठचा! घरी जेवायला आले तेव्हा मी एकेक किस्सा सांगत गेलो, जावई हसत गेले.

*

एक गुरुजी आले. पहिलीच खरेदी. मोबाईलमध्ये दिशा बघत तासभर माझ्या खांबाभोवती फिरले. तोंड पूर्वेलाच पाहिजे म्हणे.

मी म्हणालो, "गुरुजी, सातबारा बघितला का?"

"बघितला की. मालकाच्या चार बहिणींची नावं आहेत त्यावर."

"मग त्यांच्या सह्या?"

"लग्नं झाली त्यांची. त्या कशाला येतात?"

आल्या! चौघी आल्या, एकाच जीपमध्ये, वकील घेऊन. गुरुजी तेव्हा घराच्या पायाच्या पूजेला बसले होते. तोंड पूर्वेलाच!

जावई म्हणाले, "मामा, गुरुजी भोळे असतील." भोळे? लोकांची पोरं शिकवतो तो माणूस!

*

पुण्यात कंपनीत असलेल्या एका पोरानं नुसता व्हिडिओ बघून टोकन पाठवलं. व्हिडिओ पप्पूनं काढलेला. पप्पू म्हणजे शेठचा एजंट, दहा शब्दांत अकरा थापा. व्हिडिओत हिरवंगार रान आणि मागं कपिलधारचा धबधबा.

पोरगं आलं मे महिन्यात. समोर नुसता मुरूम.

"धबधबा कुठंय?"

पप्पू म्हणाला, "हे काय, पाच मिनिटांवर."

मी पहार खाली टाकली. "कावून खोटं बोलतो बे? पाच मिनिटांत तर तुझी जीप चालू होत न्हाई!"

जावई म्हणाले, "मी डोळ्यानं बघून घेणार मामा."

*

डोळ्यानं बघणारे बी बघितले! एका रविवारी दोन कुटुंबं आली. दोघांनी माझ्याच खांबावर नारळ फोडले, पेढे वाटले, एकमेकांच्या लेकरांच्या हातावर ठेवले.

एक बाई म्हणाली, "तुमचा कोणता नंबर?"

"अकरा."

"अगं बाई, आमचा बी अकराच! म्हणजे लई जवळचे शेजारी आपण!"

मी पेढा तसाच खिशात टाकला. शेठ मात्र दोन्हीकडचे खात होता!

*

एनएचं, म्हणजे बिगरशेतीच्या परवानगीचं विचारलं की शेठचं ठरलेलं उत्तर, "प्रोसेसमधी हाय." त्या प्रोसेसमध्ये माझ्या खांबांच्या मधून तीन वेळा तूर निघाली. एका घेणाऱ्यानं रागानं विचारलं, "माझ्या प्लॉटात तूर कुणाची?"

शेठ म्हणाला, "काढायला या की. मजुरी देऊ!"

ह्याच्यावर जावई पोट धरून हसले. मी ताटावरून उठलो. सुमन भाकरी थापत होती. तिनं मान वर केली न्हाई. एवढंच विचारलं, "आबा, आमाला दाखवणार तो प्लॉट कोणता?"

"नऊ नंबर."

"बरं."

*

रविवारी शेठ आणि पप्पूच्या जीपमागं जावयाची स्कूटर आली. गाड्या आल्या त्या शेजारच्या गयाबाईच्या रानातून. ज्वारी काढलेली, रान मोकळं. सुमन अर्ध्यातच उतरली आणि बांधावर गयाबाईशी बोलत बसली. मी खड्डा घेत होतो. जावयाला सगळं पसंत. पाटल्यांचा डबा त्यांच्या हातात.

सुमन आली आणि तो डबा तिनं स्वतःच्या हातात घेतला.

"शेठ, जागा चांगली हाय. पाटल्या आत्ता देते. फक्त एक करा. इथून सडकेपर्यंत चालत जाऊन दाखवा. दुसऱ्याच्या रानात पाय ठेवायचा न्हाई."

शेठ हसला. "ताई, एवढंच ना?" म्हणून बांधापर्यंत गेला. तिथं गयाबाई काठी आडवी धरून उभी.

"रान माझंय. मागं बी तुला सांगितलं हुतं."

शेठ डावीकडं वळला. तिकडं दुसऱ्याची तारेची कुंपणं. उजवीकडं ओढा. पप्पूनं घाईनं नकाशा उघडला. "हे बघा की ताई, तीस फुटी रस्ता. नकाशात हाय!"

सुमन म्हणाली, "मग नकाशावरून चाला."

जावयांनी स्कूटरला किक मारली. सुमन डबा पोटाशी धरून मागं बसली. गयाबाईनं काठी बाजूला घेतली. "जा गं माय, तुला मना न्हाई." स्कूटर गेली तशी काठी पुन्हा शेठपुढं आडवी.

मी राहिलेले खांब रोवले, पहार धुतली, भाकर खाल्ली, गयाबाईच्या हातचं पाणी प्यालो आणि तिच्याच रानातून चार वाजता घरी निघालो. तेव्हा बी शेठ नऊ नंबरमध्येच उभा होता!