मोगऱ्याखालचा पेंढा

काल बाल्कनीतल्या कुंड्यांत ओला पेंढा पसरला आणि त्याच्या वासासरशी मी थेट उल्हासनगरच्या आमच्या बराकीपाशी पोचले. एकोणीसशे पन्नासच्या आसपासचा उन्हाळा. मी सात वर्षांची असेन.

शेजारच्या सिंधी चाचीने दारात मोगरा लावला होता. बांगड्यांच्या खोक्यातला पेंढा ती त्याच्या बुडाशी पसरायची. पाणी रांगेत उभं राहून मिळायचं, त्यामुळे मोगऱ्याच्या वाट्याला तांदूळ धुतलेलं तांब्याभरच. पाडव्याला आईने आमचं अंगण झाडलं, आणि सणासुदीला शेजारी कचरा कशाला म्हणून चाचीचा पेंढाही झाडून टाकला. वर सडा घालून सुरेख रांगोळी काढली.

चार दिवसांत मोगऱ्याने मान टाकली. "रोज पाणी घालते ती, मग असं कसं झालं?" आई म्हणाली.

चाची रागावली नाही. तिने नवा पेंढा पसरला आणि दोन दिवसांनी मला हाक मारली. "बेटी, अंदर हाथ डाल के देख."

भोवतालची जमीन तापली होती, पण पेंढ्याखाली बोटाला गार, ओली माती लागली. मी आईला ओढत आणलं. तिनेही बोट घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईचा झाडू मोगऱ्यापाशी थांबायला लागला. रांगोळी मात्र ती रोज त्या पेंढ्याभोवती गोल काढायची. "कचऱ्याला कसली रांगोळी?" म्हणून मी हसायचे.

तोंडाने माफी मागणं आईला कधी जमलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.