खाली राहिलेला गडी

आमच्या यांना कोणी विचारलं, धंदा काय करता, की हे म्हणायचे, "पोरं सांभाळतो." ऐकणाऱ्याला वाटायचं पाळणाघर असेल. होतं व्हिडिओ गेमचं पार्लर. शहापूरच्या बाजारात एक अरुंद गाळा, त्यात दोन टीव्ही, दोन मशीनं, एक लाकडी बाकडं आणि दारावर पाटी, 'गोल्डन गेम्स'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सांगितलं होतं, पिठाची गिरणी घाला, लोक जेवायचं सोडत नाहीत. हे मुंबईला गेले आणि जुनी मशीनं घेऊन आले. मी चार दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

यांचं नाव इंद्रजीत. लिहायला हरकत नाही, तोंडाने मात्र मी घेत नसे. आम्ही बौद्ध, पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणारी माणसं. उतारे, अंगारे, करणी असलं काही मानत नाही. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आईची शिकवण, ती तेवढी राहून गेली.

मशीनबरोबर सीड्यांची पिशवी आली होती. गाड्यांच्या शर्यती, मारामाऱ्या, क्रिकेट, यांवर पोरं तुटून पडायची. एका सीडीला मात्र गिऱ्हाईक नव्हतं. तो जपानी गेम होता. त्यात एक शाळा होती. सकाळी हजेरी, मग तास, मधली सुट्टी, परीक्षासुद्धा. शाळा सुटली की पाच मुलं शाळेखालच्या बंद खाणीत उतरायची. मजल्याखाली मजले, वळणावळणाच्या वाटा, अंधार आणि त्यात कसली कसली जनावरं. ज्या मित्राबरोबर वर संध्याकाळ घालवली, तो खाली जास्त जोर धरायचा. वाचायला फार आणि मारायला कमी, म्हणून पोरं नाक मुरडायची. हे दुपारी गाळा रिकामा असला की डिक्शनरी मांडीवर घेऊन तोच लावून बसायचे. चाळिशीत शाळेची हौस, असं मी म्हणायचे.

त्या पाच मुलांना नावं आपण द्यायची असतात. यांनी आपल्या गिऱ्हाइकांची दिली. कंदील घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या मुलाला नाव दिलं गोजर.

खरा गोजर किन्हवलीकडच्या एका पाड्यावरचा, विशीतला, विहिरी खणायच्या कामावर जाणारा. शाळा सातवीत सुटलेली. दर रविवारी यायचा आणि गाड्या-बिड्या सोडून हाच गेम बघत बसायचा. खेळातल्या हजेरीत त्याचं नाव पडद्यावर आलं की बाकड्यावरून म्हणायचा, "हजर." बाकीचे फिदीफिदी हसायचे. तो हसत नसे.

खाणीत गडी हरवला तर भिंतीवर ठोकायचं, असा त्या खेळातला नेम होता. बटण दाबलं की ठक-ठक, ठक असा आवाज. हरवलेला जिवंत असला तर तसंच ठोकून उत्तर देणार आणि त्या आवाजाच्या रोखाने वाट काढायची. गोजर बाकड्यावर बोटं आपटून तसंच उत्तर द्यायचा. माझं डोकं उठायचं.

एका बाजारच्या दिवशी तो आपल्या आईला घेऊन आला. जनाबाई तिचं नाव. उन्हाळ्यात करवंदं, कैऱ्या, पावसाळ्यात रानभाजी विकायची. गोजरने तिला टीव्हीतला पोरगा दाखवला. पांढरा सदरा, पाठीला दप्तर, हातात कंदील. "हा मी," म्हणाला. जनाबाईने पुढे होऊन पदराने काच पुसली आणि नीट बघितलं. "शाळंत जातोय," एवढंच बोलली. मला हसू आलं होतं. पुढे ते हसू पार उतरलं.

दोन हजार सहाचा मे महिना. लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. त्या रविवारी वीज जायची वेळ झाली आणि हे खाणीत खोलवर अडकलेले. खेळ जपून ठेवायचा तर वर शाळेत यावं लागायचं. घाईघाईत चौघांना घेऊन वर आले, कंदीलवाला खालीच राहिला. तसाच खेळ जपला गेला आणि वीज गेली. गोजर म्हणाला, आता पुढच्या रविवारपर्यंत मी खाणीतच. घरी गेल्यावर आईलाही त्याने हे हसत हसत सांगितलं. पोरगंच ते, त्याला काय ठाऊक.

गुरुवारी दुपारी जनाबाई गाळ्यात आली ती अनवाणी. करवंदाची पाटी बाजारात तशीच टाकून आलेली. गावाबाहेर एका शेतावर विहीर खोल करायचं काम चालू होतं. तळाशी झरा लागावा म्हणून आडवं भुयार खणत होते. गोजर भुयारात असताना भुयाराचं तोंड ढासळलं. मुकादम सावळारामने हाका मारल्या, आतून काही उत्तर नाही. पोरगा दबला असं धरून सगळे पोलिसांची आणि माती उपसायच्या मशीनची वाट बघत वर बसले होते. जनाबाईला विहिरीजवळ जाऊ देत नव्हते. मग ती इथे आली.

टीव्हीकडे बोट दाखवून यांना म्हणाली, "तू त्याला खाली ठेवलास. वर काढ."

मी यांच्या कानात सांगितलं, मशीनला हात लावू नका. पोर वाचलं तर ही टीव्हीला नारळ फोडेल, आणि मेलं तर बौद्धवाड्यातल्याने नाव घालून मारलं म्हणायला जग मोकळं. मला राग आला होता, तिचा आणि यांचाही. कशाला जिवंत माणसाचं नाव त्या खेळात घालायचं? म्हणजे बघा, काही मानत नाही म्हणणारी मी, माझ्याही मनात तेच आलं.

हे तिच्यासमोर उकिडवे बसले. खोटं बोलायला यांना कधी जमलं नाही. म्हणाले, "मावशी, याचा त्याचा काय संबंध नाय. हा खेळ हाय."

"नसंल," जनाबाई म्हणाली. "पण तू काढ."

यांनी मशीन चालू केलं. का केलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, तिला कुठेतरी बसायला जागा हवी होती. विहिरीवर ती नव्हती, बाजारात नव्हती, म्हटलं इथे बसू दे.

ती खाली फरशीवर बसली. चौघं खाणीत उतरली, आणि कंदील नसल्याने पडदा जवळजवळ काळाच. यांच्या मानेवरून घाम गळत होता. जनावरं आली, मारली. जनाबाई दर वळणावर विचारायची, दिसला का. मी दारात उभी, आत बघवत नव्हतं आणि बाहेर बघायला काही नव्हतं. सगळ्यात खालच्या मजल्यावर पोचल्यावर यांनी ठोकायचं बटण दाबलं. ठक-ठक, ठक. काही नाही. पुन्हा दाबलं. जनाबाई पडद्याजवळ सरकली. आणि कुठून तरी लांबून उत्तर आलं, ठक-ठक, ठक.

त्याच क्षणी वीज गेली.

गाळ्यात अंधार झाला. मला वाटलं, आता ही बाई छाती पिटणार. पण ती यांच्याकडे बघत राहिली आणि हे काळ्या पडद्याकडे. मग एकदम उठले. "पाइप," म्हणाले. भुयारात झिरपलेलं पाणी ओढायला पंपाचा लोखंडी पाइप पार आतपर्यंत टाकलाय, असं गोजर रविवारी सांगत होता. माती हाक अडवेल, लोखंडावरची ठकठक नाही अडवणार.

गाळा उघडा टाकून आम्ही तिघं धावलो. विहिरीवर ही गर्दी. जनाबाईने यांचा हात धरला आणि माणसं बाजूला सारत म्हणाली, "व्हा बाजूला. ह्यो काढनार हाय त्याला." सगळे यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघायला लागले. सावळाराम अडवत होता, म्हणाला कडा अजून सुटतोय, मेलेल्यासाठी जिवंत माणूस नाय सोडनार मी. त्याचंही चूक नव्हतं. हे म्हणाले, मेलाय का तेच बघायला जातो. आणि यारीच्या, म्हणजे माती वर ओढायच्या क्रेनच्या, बादलीत पाय ठेवला.

हा माझा नवरा. घोड्यावर बस म्हटलं तर आधी घोड्याला पाणी पाजणारा. रस्ता ओलांडताना माझं मनगट पकडणारा. त्याला मी विहिरीत उतरताना बघत होते.

खाली पोचले. मातीतून बाहेर आलेल्या पाइपावर यांनी दगडाने ठोकलं. ठक-ठक, ठक. आणि कान लावला. पुन्हा ठोकलं. तेवढ्यात कड्याची मूठभर माती सुटून खाली गेली, तिच्यामागे मोठा लोंढा, आणि तळ धुळीने दिसेनासा झाला.

"इंद्रजीत!" मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा.

धूळ बसेपर्यंत मी किती मेले ते माझं मला माहीत. मग यांचा हात वर दिसला. गप्प राहा, अशी खूण करत होता. पाइपाला कान लावून बसलेले. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा मातीने भरलेला, ओळखू न येणारा.

"ठोकतोय," म्हणाले. "जिता हाय."

मग काय, बसलेली माणसं उठली. सावळाराम स्वतः पहिला उतरला. पाइप पंपापासून सोडवून त्यातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली, लाकडं लावून कडा धरला आणि माती हातांनी उपसली. हे पाइपाजवळून हलले नाहीत. मधूनमधून ठोकत राहिले, तो उत्तर देत राहिला. एकदा उत्तर यायला उशीर झाला तेव्हा जनाबाईने माझा दंड असा धरला की नखं उमटली. दिवस मावळता मावळता गोजरला वर काढलं. पाय मोडलेला, ओठ काळेनिळे, पण डोळे उघडे.

टीव्हीला नारळ काही कोणी फोडला नाही. उगाच घाबरले होते मी.

पावसाळा लागल्यावर एका बाजारच्या दिवशी मायलेक गाळ्यात आले. गोजरच्या पायाला प्लास्टर. जनाबाईने रानभाजीची पाटी उतरवली आणि यांना विचारलं, "तो अजून खालीच हाय ना?"

खालीच होता. यांनी खेळ लावून रिमोट गोजरच्या हातात दिला. खाणीचं दार उघडलं, पडदा काळा झाला. त्याने रिमोट बाकड्यावर ठेवला. "नाय जमत दादा," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. विहिरीचं काम तर त्याने सोडलंच होतं, आता घरातसुद्धा दिवा घालवू देत नाही, असं जनाबाई मला हळूच म्हणाली.

मग तिने हात पुढे केला. "आण इकडं."

भाताची रोपं चिखलात दाबावीत तशी ती अंगठ्याने बटणं दाबायची. हे शेजारी बसून कुठलं दाबायचं ते सांगत होते. दोनदा हरली, तिसऱ्यांदा उतरली. वीज जायची वेळ जवळ येत चाललेली, मी सारखी घड्याळाकडे बघत होते. खालच्या मजल्यावर तिने ठोकलं, उत्तर आलं, त्या रोखाने ती गेली आणि कंदीलवाल्याला घेऊन वर आली. यांनी घाईने खेळ जपला.

खेळात दुसरा दिवस उजाडला. वर्ग भरला, मास्तर हजेरी घेऊ लागले, नावं एकेक करून पडद्यावर आली. गोजर अजून भिंतीकडेच तोंड करून बसला होता. यांनी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, "गोजर."

तो वळला. बाकड्याला धरून, प्लास्टरचा पाय सांभाळत उभा राहिला.

"हजर," म्हणाला.

या वेळी कोणी हसलं नाही. जनाबाईने रिमोट खाली ठेवला आणि पदराने काच पुसली.