पाव टाकीवर घाट

जुन्या इंदुरातल्या त्या मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या यादीत ते ‘टाकीवाले’ एवढेच आहेत. आधी बोटाने टाकी वाजवतात, डोळे मिटून ऐकतात आणि मग म्हणतात, “देखो ताईजी...”

आमचा ट्रक सिमरोलजवळच्या घाटात बंद पडायचा. टाकी पाव राहिली की चढावर डिझेल मागे सरकायचं आणि पुढची नळी हवा ओढायची. भरलेला ट्रक मागे घसरेल या धास्तीने ड्रायव्हर काम सोडायच्या गोष्टी करत होता. मी दोन उपाय लिहून नेले: टाकीच्या बुडाला भोक पाडून डिझेल घ्यायचं, किंवा वरून नवी नळी सोडायची.

त्यांनी कागद न बघता बरणीत डिझेल ओतलं आणि ती उन्हात तिरकी धरली. मधाच्या रंगाचं ते डिझेल हळूच एका कोपऱ्यात जाऊन निजलं. आम्ही कितीतरी वेळ बघत राहिलो.

“भोक नको, गाळ इंजिनात जाईल. नळी वरूनच, पण मागच्या कोपऱ्यात, बुडापासून बोटभर वर.”

“आणि उतारावर डिझेल पुढे सरकलं तर?”

“उतारावर इंजिनाला प्यास कमी लागते, ताईजी. एकदम पक्कं काम.”

नळी बसवल्यावर त्यांनी टाकी पावच ठेवायला लावली आणि स्वतःच आमच्याबरोबर घाट चढायला आले. “भिया, आरामसे,” ड्रायव्हरला एवढंच म्हणाले. ट्रक बंद पडायचा ते नेहमीचं वळण आलं आणि गेलं. इंजिनाचा सूर हलला नाही.

वर पोचल्यावर त्यांनी मांडीवरचं फडकं उचललं. खाली लाकडी ठोकळा होता, ट्रक थांबलाच तर उडी मारून चाकामागे लावायचा. घाटभर त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.