काळी चार

अन्वी, ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबांची पेटी दुरुस्त का करून घेत नाहीस?" मी विषय बदलला. ते उत्तर आता इथे, माझ्या ब्लॉगवर लिहिते... बाकीच्या वाचकांनी वाचलं तरी हरकत नाही.

आधी एक सांगते. आपलं घर बौद्ध. भूत, आत्मा, अंगात येणं — यांना आपल्याकडे कधीच थारा नव्हता. त्यातून मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. पुरावा मागायची सवय आहे. म्हणून जे घडलं तेवढंच सांगते.

मागच्या हिवाळ्यात तुमची अकोल्याची आतेबहीण पूर्वा आठ दिवस माझ्याकडे अमरावतीला होती. डीजे म्हणून लग्नांत वाजवून ती कंटाळली होती. अकोल्यात एका हॉटेलच्या लॉनवर, रविवारी दुपारी, तिला पहिल्यांदाच स्वतःचा टेक्नो सेट — न थांबता एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या गाण्यांचा कार्यक्रम — मिळाला होता. तिच्या बाबांनी बजावलं होतं, "एवढा एक करून पाह्य. नाई जमलं तं सामान वीक अन् बँकेच्या परीक्षेले बस."

अडचण एकाच जागी होती. एका संथ गाण्यातून फार वेगवान ट्रॅकमध्ये जायचं होतं. वेग तिने लॅपटॉपला जोडलेल्या मशीनवर जुळवला, ठोक्यावर ठोका बसला, पण दोन्ही एकत्र वाजले की कानाला टोचायचं.

"मशीन तं दोघायचा सूर एकच सांगून राह्यली, आजी. मंग बेसूर काहून लागते?"

"मशीनले कान आहेत का?"

"तुले आहेत ना? मंग तू सांग!"

बेसूर झालेलं मला कळतं. नेमका सूर तुमचे आजोबा सांगत.

गुरुवारी दुपारी सव्वादोनला तिने वैतागून स्पीकर बंद केले. आणि कोपऱ्यातल्या पेटीतून एक सूर आला... बारीक, सरळ, जराही न हलणारा. पेटीवर खोळ होती, कड्या लावलेल्या होत्या. आजोबा गेल्यापासून, सहा वर्षं, ती कुणी उघडली नव्हती.

"आजी, तू...?"

मी तिच्यासमोरच बसले होते, मांडीवर मेथीची जुडी.

तुम्ही आजोबांना भीमगीतांच्या कार्यक्रमात पाहिलं नाही. गाण्याआधी ते गायकाला सूर देत — एकच पट्टी दाबून धरत, आणि त्याचा आवाज नीट बसेपर्यंत बोट उचलत नसत. समोर लोक कितीही चुळबुळोत.

"गुणगुण," मी पूर्वाला म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

पहिल्यांदा तिने सूर खाली लावला. पेटीचा सूर चालूच राहिला. दुसऱ्यांदा तिचा बरोबर लागला, आणि पेटी थांबली.

"काळी चार," मी म्हटलं. म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. चाळीस वर्षं पेटीशेजारी बसले, त्या पेटीची पट्टी तरी ओळखते.

तिने वेगवान ट्रॅक पुन्हा ऐकला. त्यात ठोका भरपूर, सूर नावाला, पण होता तो काळी चारच. मशीनने तो अर्ध्या सुराने खाली, पांढरी पाच धरला होता. पूर्वाने आधीचं गाणं तेवढंच वर चढवलं. टोचणं गेलं.

रविवारी मी लॉनवर खुर्चीत बसून होते. ती जागा आली आणि गेली, नाचणाऱ्यांपैकी कुणाला कळलंही नाही — पूर्वा म्हणते, तेच तर हवं असतं. माझ्या शेजारी तिच्या बाबांचा पाय हलत होता. परीक्षेचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या आठवड्यात मी पेटी दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावलं. त्याने झाकण उघडून आत पाहिलं.

"बाई, भाता तं उंदरायनं खाल्ला. हवाच धरत नाई. वाजन कशी?"

"केव्हापासून असेल?"

"लय वर्षं झाले असन. नवा बसवून देऊ का?"

मी नको म्हटलं. भाता बदलला, तर माझ्याजवळचा एकमेव पुरावा जाईल.

आत्मा मी आजही मानत नाही, आणि दुसरं स्पष्टीकरणही मला सापडलेलं नाही. पेटी कोपऱ्यात आहे, फाटक्या भात्यासकट. पूर्वाच्या लॅपटॉपवर सगळ्या गाण्यांपुढे मशीनने ठरवलेल्या सुरांचे आकडे आहेत. त्या एका ट्रॅकपुढे तिने स्वतः लिहिलेलं 'काळी चार' अजून तसंच आहे.